पहाटे साडेपाचचं रात्रीचं जेवण

१४ नोव्हेंबर १९९४. मेथीदाणे भाजून दळले, डबा फडक्यात बांधला आणि सकाळच्या एसटीने साताऱ्याहून निघाले. उरणला धाकट्या भावाकडे जायचं होतं. सुरेश समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. तिकडे बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवसाची, पुढचा रात्रीची. कंपनीच्या डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त तपासलं, तर साखर भरमसाट. बुधवारच्या फेरतपासणीतही तसंच निघालं तर समुद्रावरचं काम बंद, असं भावजयीचं, नंदाचं पत्र होतं.

पनवेलला बस बदलली. वाटेत एकीकडे मिठागरं, दुसरीकडे एकावर एक रचलेले कंटेनर. भर दुपारी कॉलनीत चिटपाखरू नाही. सुरेशच्या दाराची बेल दाबणार, तोच जिन्यातल्या कोळणीने माझा हात धरला.

"वाजवू नको गो बाय! नायटवाला निजलाय."

आणि "पापलेट, पापलेट" असं कुजबुजत ती वरच्या मजल्यावर गेली. कुजबुजणारी कोळीण मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

सुरेश संध्याकाळी सहाला उठला, दात घासले आणि पोहे मागितले.

"अरे, घरी आल्यावर तरी दिवसा जागावं!"

"शरीराला कळत नाही गं ताई. कळेपर्यंत परत जायची वेळ होते."

मंगळवारी पहाटे साडेपाचला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. सुरेश जिताड्याचं (खाडीतल्या माशाचं) कालवण आणि भात ओरपत होता.

"हे काय?"

"रात्रीचं जेवण."

मला शंका आली. "रक्त दिलंस त्या दिवशीही जेवला होतास?"

"हो. रात्री जेवल्यावर काही खायचं नाही, असं सांगितलं होतं. नाही खाल्लं."

"आणि रक्त कधी दिलंस?"

"आठला. कडक उपास!"

अडीच तासांचा. नंदाने कपाळावर हात मारला. "वन्सं, मीच वाढलं होतं हो!"

दिवसभर त्याला झोपू दिलं नाही. करंजाच्या धक्क्यापर्यंत चालवलं, मग गहू निवडायला बसवलं. गव्हावरच पेंगला, तर गदागदा हलवलं. रात्री आठला जेवायला घालून स्वयंपाकघराला कुलूप लावलं.

बुधवारी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "साखर आहे, पण आटोक्यात. कामावर जा. गोळ्या घ्या, वेळेवर झोपा, वेळेवर जेवा."

"कुठल्या वेळेवर?" सुरेशने विचारलं.

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

गुरुवारी परतीच्या बसमध्ये हिशेब मांडला. साखर वडिलांनाही होती. पण ते आयुष्यभर ठरल्या वेळी जेवले, ठरल्या वेळी झोपले. सुरेशची भूक आणि झोप पाळीच्या तक्त्यावर टांगलेली. नुसती मेथी त्याला कुठवर पुरणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता साताऱ्यातल्या दवाखान्यात गेले आणि माझं रक्त तपासायला दिलं.