नवव्या पाटावर सुपारी

बायको जाऊन चार महिने झाले. तिचं एक सुख मी स्वतःच्या हातानं मोडलं, ते लिहितो.

शारजाला अल नहदात राहायचो. मी हमरियाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. आम्हाला मूलबाळ नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये एक फिलिपिनो बाई होती, सलूनमध्ये कामाला. कुवेतच्या लढाईनंतर जबल अलीला अमेरिकन जहाजं लागायची. त्यातल्या एका काळ्या शिपायापासून तिला मुलगी झालेली. तो गेला तो गेलाच. बाळंतपण गावी करून बाईनं पोर आजीकडे ठेवली, सहा वर्षांची झाल्यावर इथं आणली. डोळे आईचे, केस बापाचे, स्प्रिंगसारखे. शाळा सुटली की आमच्याकडेच. बायको त्या केसांना तेल चोपडून वेण्या घालायची. तासभर लागायचा, पण दोघींना घाई नसायची.

नवरात्रात अष्टमीला बायको नऊ कुमारिका जेवायला बसवायची. पाय धुवायची, कुंकू लावायची. त्या वर्षी आठच मिळाल्या. नववी हिनं समोरची ठरवली, तिला परकर-पोलकं शिवलं.

ओळखीच्या बायका मुली घेऊन आल्या. एकीनं नुसतं विचारलं, "ही कोणाची हो?" मी बायकोला किचनमध्ये नेलं.

"ती नको."

"का?"

"शिपायाची अवलाद. देवीच्या पाटावर बसवतेस?"

"देवी बोलली का तुम्हाला?"

"लोक बोलतायत. नववीच्या जागी सुपारी ठेव. चालते."

"सुपारीचे पाय धुऊ? जेवेल ती?"

मी ऐकलं नाही. स्वतः तांदूळ टाकून पाटावर सुपारी मांडली.

पोर दारात उभी. चपला काढलेल्या, परकर दोन्ही हातांनी वर धरलेला. "आंटी, आय ॲम नंबर नाइन, ना?"

बायकोच्या आधी मीच म्हणालो, "नो बेटा. फुल. खलास."

तिनं आत वाकून बघितलं. "बट अंकल, एक जगह है."

मी दार लावलं.

त्यानंतर बायकोनं कधी कुमारिका बसवल्या नाहीत. कोणी विचारलं तर सांगायची, "आता वाकवत नाही." चाळिशीची होती तेव्हा. मला एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

पोर परत आली नाही. वर्षाभरानं तिच्या आईला जबल अलीला काम लागलं. त्यांचा फ्रिज खाली उतरवायला मी हात लावला. पोर पिकअपमध्ये बसलेली, केस बारीक कापलेले. बायको जिना उतरून आली, तिच्या हातात लाडवांचा डबा दिला.

"थँक यू, मॅम," पोर म्हणाली.

आंटी नाही, मॅम. बायकोनं माझ्याकडे बघितलं. पोर समोर होती, तिची आई होती. माझी चूक झाली एवढंच बोलायचं होतं. मी पिकअपवर थाप मारली आणि ड्रायव्हरला म्हणालो, "यल्ला, यल्ला."