दिसणारा आवाज

लॅपटॉपवर लिनक्सच्या काळ्या टर्मिनल-खिडकीत गाण्याबरोबर नाचणाऱ्या हिरव्या पट्ट्या बसवत होतो. अण्णांना हल्ली काहीच ऐकू येत नाही. निदान गाणं दिसेल, म्हणून हा खटाटोप. पण गाणं थांबवलं तरी पट्ट्या हलतच राहिल्या. सेटिंगमध्ये चुकून माइक निवडला गेला होता, आणि पट्ट्या छताच्या पंख्याची घरघर ऐकत होत्या.

"हे काय रे?" अण्णांनी विचारलं, तशा त्यांच्याच आवाजाने पट्ट्या उसळल्या. ते स्क्रीनजवळ सरकले. आई जाऊन बरेच दिवस झालेत, तरी सवयीने त्यांची स्वयंपाकघराकडे हाक गेली, "अगं, ऐकलंस का?"

पट्ट्या उंच गेल्या आणि पुन्हा पंख्याच्या घरघरीपुरत्या खाली बसल्या. नसलेला आवाजही इतका स्वच्छ दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं. चूक दुरुस्त करायला मी हात पुढे केला.

"थांब," स्क्रीनवरची नजर न काढता अण्णा म्हणाले, "ती जरा उशिराच ओ देते."