तांडेलांचा निळा पिंजरा

"ऱ्हातो कुठं ते नको सांगू. जेवतो कुठं ते सांग."

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की तांडेलांचं हे पहिलं वाक्य. घरधनी बिचारा बॅटरी घेऊन उंदरांची बिळं दाखवायला पुढे झालेला असायचा. हे बीळ, ते बीळ, मोरीतलं मोठं बीळ. तांडेल एकाही बिळाकडे बघायचे नाहीत. स्टूल ओढून घराच्या मधोमध बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आधी चाय आण. मंग बघू."

रत्नागिरीच्या बाजारात ज्यांनी ऐंशीच्या दशकात दुकान चालवलं असेल त्यांना मी कुणाबद्दल बोलते आहे ते कळलं असेलच. त्यांचं खरं नाव आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पूर्णगडचे. उभा जन्म गलबतावर काढलेला, शेवटी शेवटी तर गलबताचे तांडेल, म्हणजे मुख्यच. मग गलबतांचे दिवस संपले, माल ट्रकने जायला लागला आणि तांडेल जमिनीवर आले. गलबतावर मालाची राखण करता करता उंदरांशी जी ओळख झाली होती तीच आता त्यांना कामाला आली. सोमवारी पहिल्या एस्टीने शहरात यायचे, बंदराजवळ एका नातेवाइकाकडे उतरायचे आणि शनिवारी परत गावी.

गरीब, खाली मान घालणारा माणूस डोळ्यांसमोर आणू नका हं. तांडेल म्हणजे एक नंबरचे फुशारकीखोर. अंगावर जाकीट, डोक्यावर पांढरी टोपी, कानात अत्तराचा फाया. बोलायला लागले की थेट इराकातल्या बसऱ्याला पोचल्याशिवाय थांबायचं नाव नाही. "बसऱ्याचा उंदीर बघशील तर घाबरशील गो बाय. खजुरावर पोसलेला. मांजर समोर आली तर तिला बाजूला सारून जातो." मांजरांवर तर त्यांचा विशेष राग. "मांजर म्हणजे दुसरा उंदीर. एकाला काढायला दुसरा आणलास!" आमच्या शेजारच्या वाण्याची मांजर तांडेल दिसले की कपाटावर जाऊन बसायची. ती त्यांना घाबरायची की अत्तराला, ते मात्र कधी कळलं नाही.

पण जेवतो कुठं हा प्रश्न त्यांना बरोब्बर विचारता यायचा. आमच्या आळीतल्या भजनी मंडळाचा पखवाज उंदरांनी दोनदा फोडला. बुवांनी तो आधी कपाटात ठेवला, मग खुंटीला टांगला, तरी फोडलाच. तांडेलांनी पखवाज मांडीवर घेतला, एका अंगाला नख लावलं आणि नाकाशी नेलं. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या अंगाला, कणीक लावतात, ती भजन संपलं तरी कुणी खरवडतच नव्हतं. "बुवा," तांडेल म्हणाले, "देवाचं झालं की कणीक काढून ठेवा. तुमी वाद्य नाय टांगून ठेवलात, भाकरी टांगून ठेवलीत." बुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढच्या एकादशीला तांडेलांना भजनाला बोलावलं होतं, आणि ते आलेही. मागे बसून ठेका धरत होते.

आता आमच्या घरचं सांगते. गिरणीचा संप लांबत गेला तसे आमचे हे मुंबईहून परत आले. घरात दुसरा आधार म्हणजे सासूबाईंच्या हातची आंबापोळी. मे महिन्यात रस आटवून ताटांत वाळवायचा, पोळ्या करायच्या आणि गणपतीला चाकरमानी गावी आले की विकायच्या. चव सासूबाईंच्या हाताची. मी नुसती हाताखालची. त्या वर्षी ह्यांनी आणि मी जीव काढून दुप्पट पोळी घातली होती. गणपतीत ती खपली तर पुढे दुकान काढायचं, नाही खपली तर ह्यांनी भिवंडीला मागावर जायचं, असं ठरलं होतं. मला ते भिवंडी नावसुद्धा नको व्हायचं. आधीच लग्नानंतरची सगळी वर्षं मी एकटीने काढलेली.

पावसात पत्र्याच्या डब्याला आतून घाम सुटतो आणि पोळीला बुरशी येते. म्हणून सासूबाई पोळ्या जुन्या धुतल्या लुगड्यांत गुंडाळून बांबूच्या टोपल्यांत ठेवायच्या आणि टोपल्या कोठीच्या खोलीत आढ्याला काथ्याने टांगायच्या. श्रावण लागला, शेतांत पाणी झालं आणि उंदीर घरांत शिरले. एक दिवस टोपली उतरवली तर लुगडं कुरतडलेलं आणि वरच्या पोळ्यांची चाळण झालेली.

ह्यांचं डोकंच फिरलं. कुणालाही न सांगता विषाच्या गोळ्या आणून टाकल्या. दोन दिवसांनी कोठीत वास सुटला, आणि सासूबाईंना आढ्याच्या कोपऱ्यात मेलेला उंदीर मिळाला. अरे देवा, काय तो दिवस!

"गणपती तोंडावर आलेत," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या घरात त्याचं वाहन मारता? चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मी केळीच्या पानावर ह्या उंदरांनाच नैवेद्य ठेवते ना? वर विषाच्या खोलीतली पोळी लोकांच्या पोरांना खायला घालू? नाही विकायची एकसुद्धा!" त्यांनी कोठीला कुलूप घातलं आणि चावी कनवटीला खोचली.

म्हणजे बघा, आम्ही बाहेर, चावी सासूबाईंकडे आणि पोळ्या उंदरांकडे. रात्री आत पंगती बसायच्या त्या ऐकू यायच्या. ह्यांनी बॅग खाली काढून ठेवली. भिवंडीला जायची तयारी ती, मला समजलं. सकाळी उठून मी तडक बाजारात गेले आणि तांडेलांना घेऊन आले.

तांडेलांनी सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि ओटीच्या पायरीवर बसून आत हाक मारली. "वैनी, बाहेर या जरा."

"तू मारणारा माणूस," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "तुझं इथे काम नाही."

"मारनार नाय. धरीन. लांब नेऊन सोडीन."

"सगळे असंच म्हणतात. बंदरावर नेशील नि बुडवशील."

तांडेलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तसं करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. "वैनी, मी दर्यावरचा मानूस. दर्याची आन. तुमच्या घरातला एक जीव मरनार नाय माज्या हातून."

सासूबाई दारातून बाहेर आल्या. मग कनवटीची चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

कोठी उघडल्यावर तांडेलांनी वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ही गोदी बांधलीस की गो बाय! उंदरांना शिडी लावलीस." टांगलेलं म्हणजे सुरक्षित असं आम्ही समजत होतो, आणि उंदीर आढ्यावरून काथ्या धरून थेट जेवायला उतरत होते. गलबत धक्क्याला लागलं की दोरांना पत्र्याच्या थाळ्या अडकवतात म्हणे, उंदीर चढू नये म्हणून. आमच्याकडे तसल्या थाळ्या कुठल्या? तांडेलांनी नारळाच्या करवंट्या मागितल्या. घासून गुळगुळीत केल्या, मधोमध भोक पाडलं आणि प्रत्येक दोरीत एकेक पालथी ओवली, टोपलीवर छत्री धरल्यासारखी. उंदीर उतरायचा, करवंटीवर यायचा आणि घसरून धपकन खाली. खाली पिंजरे लावलेले. ह्या पिंजऱ्यांवरून मात्र जुंपली.

"आमिष म्हनून जराशी सुकट देवा," तांडेल म्हणाले.

"श्रावणात? सुकट? माझ्या घरात?"

"उंदरांचा श्रावन नसतो, वैनी."

"घर माझं आहे, उंदरांचं नाही!"

शेवटी भाजलेल्या खोबऱ्यावर तडजोड झाली. विषाच्या आसपासची पोळी सासूबाईंनी स्वतः पुरून टाकली. बाकीची एकेक उलगडून, उन्हाची तिरीप आली की दाखवून, परत बांधली. चतुर्थीच्या आधी चाकरमानी आले आणि टोपल्या रिकाम्या झाल्या. ह्यांनी बॅग परत माळ्यावर टाकली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, खोटं कशाला सांगू!

तेव्हापासून दर पावसाळ्यात तांडेल आमच्याकडे यायचे. आमच्यासाठी त्यांनी एक पिंजरा निळ्या रंगाने रंगवून वेगळा ठेवला होता. शनिवारी त्यात आमचे पाहुणे घालून, वर फडकं टाकून, एस्टीत मांडीवर घेऊन बसायचे. कंडक्टरने विचारलं तर सांगायचे, "पोपट हाय. झोपलाय." ह्यांना काही ते पटायचं नाही. "एस्टी सुटायच्या आधी बंदरावर बुडवत असणार. आईचं समाधान झालं, बस्स." मी एकदा तांडेलांनाच विचारलं. ते म्हणाले, "तुला पोळी वाचल्याशी काम ना गो?" मग मीही तसंच समजले.

एक गोष्ट त्यांनी मला घर कुणाचं ते न सांगता सांगितली होती. पावसकडच्या एका घरात सुकं खोबरं रोज कमी व्हायचं. तांडेलांनी भिंतीकडेने तांदळाचं पीठ भुरभुरलं, सकाळी बघतात तर पिठात माणसाची टाच. घरात गोडाधोडाचं, सगळ्याचंच पथ्य असलेले एक आजोबा होते. तांडेलांनी पीठ झाडून टाकलं आणि घरच्यांना सांगितलं, "उंदीर म्हातारा झालाय. थोड्या दिवसांचा हाय. त्याच्यासाठी एक वाटी बाहेर ठेवत जावा." हे सांगून स्वतःच मोठ्याने हसले, मग जाकिटाने डोळे पुसले.

सासूबाई गेल्या त्या वर्षीही तांडेल आले. दाराशी टोपी काढून उभे राहिले, मग नेहमीप्रमाणे "आधी चाय" म्हणाले. त्यानंतरही दोन पावसाळे निळा पिंजरा शनिवारच्या एस्टीने जात राहिला.

मग एका श्रावणात ते आलेच नाहीत. वाट बघून आम्ही चौकशी केली तेव्हा कळलं, ज्येष्ठातच गेले. आम्ही दोघं पूर्णगडला गेलो. खाडीच्या कडेला घर, दारात जाळी वाळत घातलेली. त्यांच्या बायकोने बसायला चटई टाकली. शेजारी एक होडीवाला बसला होता, तो आमच्याकडे निरखून बघत होता.

"निळ्या पिंजऱ्यावाले तुमीच काय?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"दर शनवारी एस्टीतून उतरला की घरी नाय, आधी माज्या होडीत. गावात सोडायचा नाय, जाळी खातात म्हनून. खाडीपलीकडं सड्यावर, वरच्या माळावर, चढून जायचा नि सोडून यायचा. बाकीच्यांचे उंदीर काय करायचा मला ठाव नाय. निळ्यातले मात्र सगळे पलीकडं."

होडीवाला पुढे म्हणाला, "गेल्या साली पाय चालत नव्हता. धरून चढवायला लागायचं. मी म्हटलं, तांडेल, ती म्हातारी तर गेली, आता टाका हितंच पान्यात. तर भडकला माज्यावर. म्हनाला, म्हातारी गेली, दर्या हाय ना हितंच?"

मी पदर तोंडाला लावून बसून राहिले. तांडेलांच्या बायकोने आतून पिंजरा आणला. धुऊन, पुसून ठेवलेला. तळाशी खोबऱ्याचा वाळका तुकडा होता. "वाटेत उपाशी नकोत म्हनायचे," ती म्हणाली. "तुमचाच हाय. घेऊन जावा."

परतीच्या एस्टीत हे खिडकीशी बसले. फडकं घातलेला पिंजरा मांडीवर. कंडक्टर जुना होता. लांबून फडकं बघितलं आणि हसत हसत आला, "काय, झोपला का पोपट?"

मग त्याने ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिकिटं फाडून माझ्या हातात दिली आणि पुढे गेला. हे घरी पोहोचेपर्यंत दोन्ही हातांनी तो पिंजरा धरून बसले होते.