रानातले वॉशर

मंडळी, चाळीच्या फळ्यावर पहिल्यांदाच लिहितोय.

माझी पत्नी सुमन जाऊन महिना झाला. आज सुट्टी, म्हणून शेजारचे बाळूभाऊ मला चाकणपलीकडच्या रानात घेऊन गेले.

ओल्या पाचोळ्यात बटणाएवढ्या केशरी चकत्या उगवल्या होत्या. कंपनीत दिवसभर वॉशर तपासतो, तशी मी एक उचलली, बोटांनी जाडी पाहिली, मधे भोक नाही म्हणून डावीकडे टाकली. मग दुसरी, तिसरी.

"अहो राव, बुरशी हाय ती, वॉशर न्हाई! रिजेक्ट काय करताय?" बाळूभाऊ हसले.

मी मात्र तिथेच खाली बसलो. सुमन दर रविवारी म्हणायची, "अहो, एकदा रान दाखवा ना." मी ओव्हरटाइमला जायचो.

कंपनीच्या गेटबाहेर पडल्यावर तुम्ही मनानंही खरंच बाहेर येता का? कसे, ते खाली लिहा. खडू ठेवलाय.