वहिनींची बँक

दादाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शिकवत होतो. "अरे, रेखा गेली," एवढंच तो म्हणाला. सकाळी चहा टाकताना वहिनींना चक्कर आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी तसाच लोधीपुऱ्यात दादाच्या घरी पोचलो. ओट्यावर चहाचं पातेलं तसंच होतं, वर साय धरलेली. माणूस इतक्या मुकाट्याने कसं जाऊ शकतं, याचा मला रागच आला. तो राग अजून गेलेला नाही.

वहिनींचं माहेर बहादरपूरचं, केळीच्या बागांतलं. लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे दीर म्हणून माझी त्यांनी कधी फारशी पत्रास ठेवली नाही. पुढे मी वेगळं घर केलं, तरी आमच्याकडून भाजीचा डबा गेला की परत येताना त्यात काहीतरी असायचंच. सणाला तुपातला गोड दराबा, एरवी केळ्याचे वेफर्स, आणि काहीच नसलं तर तळाशी चमचाभर साखर. मी चिडवायचो, "वहिनी, साखर आमच्या घरी पण मिळते हो." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "राहू द्या भाऊजी. रिकामं भांडं उंबऱ्याबाहेर जाऊ नये."

त्यांची एकुलती एक मुलगी पूर्वा पुण्यात नोकरी करते, बँकांसाठी सॉफ्टवेअर तयार करण्याची. सुरुवातीला मायलेकी तासन्‌तास बोलायच्या. हळूहळू फोन जेवलीस का, झोपलीस का, एवढ्यावर आले. एकदा वहिनींनी विचारलं, "तू दिवसभर करते तरी काय ग?" तर पूर्वा म्हणाली, "छोड ना आई, तुला नाही कळणार." पोरगी सहज बोलून गेली, पण ते वाक्य वहिनींना लागलं. पुढच्याच रविवारी पूर्वाचा जुना लॅपटॉप पिशवीत घालून त्या माझ्या दारात उभ्या. "भाऊजी, मला कळेल असं शिकवा. ती बँकेचं बनवते, तर मी पण बँकच बनवणार. पण तिला सांगायचं नाही हं. पूर्ण झाली की दाखवीन."

मी हसलो नाही म्हणालो तर खोटं होईल. पण दर रविवारी दुपारी त्या खेळण्यातल्या बँकेचा प्रोग्राम लिहायला यायच्या. क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेली वस्तू, असं मी सांगितलं की त्या म्हणायच्या, "म्हणजे करंजीचा साचा एक, अन् सारण जिचं तिचं." शिल्लक खात्याच्या आत झाकलेली असते, तिला बाहेरून कुणी थेट हात लावायचा नाही, भरायचं किंवा काढायचं ते ठरलेल्या वाटेनेच, यावर तर त्या खुदकन हसल्या. "कळलं. सासूबाई होत्या तोपर्यंत तुपाच्या बरणीचं हेच होतं." कंस हमखास विसरायच्या, चूक दाखवली की लॅपटॉपवर रुसायच्या, आणि मग पदर खोचून परत बसायच्या. दादाचं, पूर्वाचं आणि स्वतःचं अशी तीन खाती त्यांनी उघडली. पैसे भरता येऊ लागले त्या दिवशी सुमनला, माझ्या बायकोला, स्वयंपाकघरातून ओढत आणून दाखवलं.

पैसे काढण्याच्या जागी मात्र आमचं वाजलं. शिल्लक मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त असेल तरच पैसे द्यायचे, अशी अट त्यांनी लिहिली होती. नवशिके हमखास चुकतात ती ही जागा. मी म्हटलं, "'जास्त किंवा तेवढीच' असं हवं. नाहीतर माणसाला आपले सगळे पैसे कधीच काढता येणार नाहीत." वहिनींनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सगळे कशाला काढायचे? थोडं ठेवावं ना." खरी बँक अशी चालत नाही, खातं बंद करायचं झालं तर काय, सगळं सांगून झालं. "माझी चालते," म्हणाल्या, आणि तिथे पडद्यावर उमटणारी सूचनाही लिहून टाकली… थोडं राहू द्या. त्यांच्यापुढे मी हात टेकले.

बँक तयार झाली, पण पूर्वाला सुट्टी मिळेना. पोळा गेला, दसरा गेला. "फोनवर सांगून टाका ना," मी म्हणायचो. "फोनवर काय मजा? तिचं तोंड पाह्यचंय मला." दिवाळीला ती नक्की येणार होती. वहिनी दिवाळीच्या आधीच गेल्या.

दुखवट्याच्या दिवसांत आमच्या घरून जेवणाचे डबे जायचे आणि धुऊन, पुसून, रिकामे परत यायचे. त्यात कुणाची चूक नव्हती. तरी तो हलका डबा हातात आला की मला भडभडून यायचं.

दिवसकार्य आटोपल्यावर दादाकडे जाऊन मी पूर्वासमोर तो लॅपटॉप ठेवला. "तुझ्या आईने केलंय." तिला आधी पटेना. मग तिने बँक चालू केली आणि सवयीने, पहिल्याच फटक्याला, आईच्या खात्यातली सगळी रक्कम मागितली. पडद्यावर उमटलं, थोडं राहू द्या. "काका, कंडिशनच गलत आहे ना इथे," ती पुटपुटली, आणि मी काही बोलायच्या आत तिची बोटं चालली. परत मागितली. या वेळी पैसे मिळाले. आईच्या नावापुढे शून्य आलं.

मग मी तिला या अटीवरून आमचं वाजलं तो रविवार सांगितला, आणि "तुला नाही कळणार" हे कुठवर गेलं होतं तेही. पूर्वा त्या शून्याकडे बघत राहिली. मग तिने आपली दुरुस्ती पुसली, आईची अट होती तशी लिहिली आणि परत सगळे पैसे मागितले. थोडं राहू द्या. तेव्हा कुठे ती रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तिला हे मला दाखवायचं होतं ना… मला…"

निघताना मी आमचा डबा मागितला. ती आत गेली, जरा वेळ आतच होती. घरी येऊन उघडला तर तळाशी चमचाभर साखर. पूर्वा परवा पुण्याला परत गेली. डबा आमच्या फळीवर आहे. सुमन म्हणते, वापरून टाका, मुंग्या लागतील. लागू देत. तो डबा रिकामा करायला माझा हात होत नाही.