पाच गाड्यांची हवा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे मधे खिदळलेलं मला चालत नाही, आणि शेवटी तर मुळीच नाही. लोक माती खातात, मी वाळू खाल्ली. तीही कुठं? सिंगापुरात! जिथं धूळसुद्धा परवानगी काढून रस्त्यावर पडते, तिथं.

मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं ट्रक चालवला. कराड, कोल्हापूर, मंगळूर, सगळे घाट या हातांनी उतरलेले. मग बायको गेली आणि पोरगा म्हणाला, ‘तात्या, एकटे राहू नका, इकडे या.’ पोरगा म्हणजे आमचा शिऱ्या. सिंगापुरात बँकेत असतो. दिवसभर जोखीम मोजतो म्हणे. म्हणजे नक्की काय करतो ते मला अजून कळलेलं नाही, पण पगार होतो.

तर आलो. पुंगोलला अकराव्या मजल्यावर फ्लॅट. खिडकीतून काय दिसतं? एक दोन डब्यांची आगगाडी. ड्रायव्हर नाही! आपली आपण गोल फिरते आणि परत तिथंच येते. मी रोज सकाळी बसून ती बघायचो. चाळीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला बिनड्रायव्हरची गाडी बघत बसवायचं, यापेक्षा जोड्यानं मारलेलं बरं.

दोन वर्षं स्टिअरिंगला हात लागला नव्हता. शिऱ्याकडं जुनी का होईना जीप होती. एकदा म्हणालो, “जरा खालच्या खाली फिरवून आणतो.”

“तात्या, इथे कॅमेरे असतात.”

“मग काय झालं? फोटो काढू देत की.”

“तात्या, नाही म्हणजे नाही.”

संपलं. ज्याला मी मांडीवर बसवून हॉर्न वाजवायला शिकवलं, तो मला नाही म्हणतो! जाऊ द्या. भांडायचासुद्धा कंटाळा आला होता.

अशात एक दिवस शिऱ्या म्हणाला की त्यानं क्लब लावलाय. मला वाटलं, पत्त्यांचा. नाही! वाळवंटात गाडी चालवायला शिकवणारा क्लब. वर्षाअखेरीला ही मंडळी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात जाणार होती. त्याआधी इथं शिकून घ्यायचं. वाळूत गाडी रुतवायची, मग ती काढायची.

“पैसे देऊन?” मी विचारलं.

“हो.”

“पैसे देऊन गाडी रुतवायची?”

“तात्या, रुतलेली काढायला शिकवतात.”

“आणि रुतवली नाही तर?”

शिऱ्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. पण मी हट्टानं बरोबर गेलो. का? अहो, वाळूत कॅमेरे नसतात!

जागा म्हणजे समुद्रात भराव टाकून केलेलं मैदान. जिकडं बघावं तिकडं वाळू, कडेला थोडी पक्की जमीन, एक तंबू आणि दोन-चार सुरूची झाडं. पाच गाड्या होत्या. शिकवणारा होता कोह नावाचा चिनी म्हातारा. म्हातारा कसला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, पण उन्हानं पार वाळलेला. आणि आपल्यातला एक जोगळेकर. पुण्याचा, बँकेतलाच. त्याची टोपी, त्याचा चष्मा, त्याचे बूट, सगळं वाळवंटाचं. गाडी इतकी चकचकीत की मी तिच्यात बघून मिशा सारख्या केल्या.

मी शिऱ्याला कोपरानं ढोसलं. “त्या कोहला विचार, मला एक फेरी मिळेल का.”

“अहो तात्या, लोक शिकायला आलेत…”

“विचार म्हणतोय ना!”

विचारलं. कोहनं मला टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. “अंकल, ट्रक? हाऊ लाँग?”

मी चार बोटं दाखवली आणि पुढं हवेत शून्य काढलं. त्याच्या भुवया वर गेल्या. म्हणाला, “ओके ला. आफ्टरनून. लास्ट. कॅन.”

इथलं इंग्रजी मला जमतं. दोन शब्दांचं आहे. कॅन म्हणजे होय, कॅनॉट म्हणजे नाही. चौथीला पुरतं तेवढं. कॅन म्हणाला! दुपारी शेवटची फेरी माझी! खोटं कशाला बोलू, छातीत कायतरी हललं. सत्तरीत असं काही हललं की आधी डॉक्टरकडं जावं असं वाटतं, पण हे तसलं नव्हतं.

मग तंबूत फळा लावून कोहचं भाषण सुरू झालं. इंग्रजीत. मी सुरूखाली पंचा पसरला आणि आडवा झालो. त्या उकाड्यात झोप कसली, ग्लानीच ती. जाग आली तेव्हा मंडळी जेवायला निघाली होती. सकाळचा धडा झाला होता, सगळ्यांनी वाळूत झकास फेऱ्या मारल्या म्हणे, आणि गाड्या कडेला रांगेत उभ्या होत्या.

“तात्या, चला हॉकर सेंटरला.”

“मी नाही. मागच्या खेपेला शेजारचा माणूस बेडकाची पेज खात होता. माझा डबा आहे.”

“बरं. मग गाड्यांकडे लक्ष ठेवा.”

ऐकलंत ना? शिऱ्या म्हणाला, लक्ष ठेवा. हे नंतर कोणी मान्य केलं नाही म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

ते एका व्हॅनमध्ये बसून गेले. मी सुनेनं दिलेली पोळी-भाजी खाल्ली, हात धुतले आणि लक्ष ठेवायला निघालो.

आता थोडं मागं जातो. मी ट्रकवर लागलो तो ड्रायव्हर म्हणून नाही, किन्नर म्हणून. ट्रकच्या क्लीनरला आम्ही किन्नर म्हणतो. काच पुसायची, पाणी भरायचं, आणि टॉमी घेऊन, म्हणजे ती लोखंडी पहार हो, प्रत्येक चाकावर ठोका मारायचा. टण्ण आवाज आला तर हवा बरोबर. भद्द आला तर कमी. आमचे उस्ताद रसूलभाई. एकदा एका चाकात हवा कमी राहिली, तर त्यांनी मला असा एक ठेवून दिला की तीन दिवस डाव्या कानात घाट चढणारा ट्रक ऐकू येत होता. “हवा बघितल्याबिगर गाडी हलवायची न्हाई!” बस्स. तेव्हापासून मी देवाला एक वेळ विसरलो असेन, हवेला नाही.

तर गाड्यांपाशी गेलो, सवयीनं पहिल्या चाकाला लाथ घातली. भद्द!

दुसऱ्याला. भद्द!

पाचही गाड्यांची सगळी चाकं खाली बसलेली. म्हशी बसतात तशी, पोट सोडून!

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, काय ही शिकलेली माणसं! अंगावर हजार खिशांचे कपडे, पण चाकाकडं बघायची अक्कल नाही. आणि हा कोह! मास्तर म्हणवतो आणि याचीच जीप सगळ्यांत जास्त बसलेली! मग दुसरा विचार आला. आपण सगळ्यांची हवा नीट करून ठेवली तर कोह खूश होईल. एकाच्या दोन फेऱ्या देईल. तीनसुद्धा!

कोहच्या जीपपाशी हवा भरायचा पंप तयारच होता, बॅटरीला चिमटे लावून चालणारा. लांब नळी. देवच पावला. लागलो कामाला. वर ऊन, खाली तापलेली जमीन, गुडघे कुरकुरतायत. एकेक चाक भरायचं, ठोका मारायचा, टण्ण आलं की पुढं. सगळी चाकं पस्तीस पौंडांवर आणली. कमरेचा तुकडा पडला. कोहच्या जीपला पाच पौंड जास्तच घातले. मानाचे.

मंडळी परतली तेव्हा मी पंप जागेवर ठेवून सुरूखाली बसलो होतो. काही बोललो नाही. म्हटलं, केलेलं काम सांगायचं नसतं. एवढी एक गोष्ट सांगितली असती तर!

जोगळेकर पहिला निघाला. वाळूत शिरला, गाडी थोडी पुढं गेली आणि चाकं जागच्या जागी फुगडी घालायला लागली. बसली. त्याला ओढायला शिऱ्या गेला. तोही बसला. शिऱ्याला ओढायला एक चिनी पोरगा गेला, त्याला ओढायला त्याचा मित्र. चार गाड्या, चारी बसल्या! जसे काही पंगतीला आलेत.

कोह डोकं धरून ओरडत होता, “मॉर्निंग कॅन! नाऊ कॅनॉट! व्हाय?”

जोगळेकर चष्मा पुसत मला समजावायला आला. “काका, त्याचं असं आहे, दुपारी वाळूतला ओलावा कमी होतो. कणाकणांतलं घर्षण बदलतं.”

“घर्षण असू द्या,” मी म्हणालो. “तुमचा क्लच कुठं सुटतोय ते बघा.”

“माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, काका.”

“मग गाडीला तरी चालवता यायला पाहिजे का नको?”

शिऱ्या लांबून म्हणाला, “तात्या, तुम्ही गप्प बसा हो!”

पण कोह माझ्याकडं बघत होता. बुडत्याला काडी दिसावी तसं. “अंकल. यू. कॅन?”

मी उठलो. पंचा झटकला. “कॅन!”

कोहची जीप. बसलो. सीट पुढं घेतली. दोन्ही हात चाकावर ठेवले, आणि काय सांगू, हात आपोआप जिथं ठेवायचे तिथं बसले. किल्ली फिरवली. इंजिनाची थरथर तळव्यातून खांद्यापर्यंत आली. दोन वर्षांचा शीण गेला हो! खिडकीतनं शिऱ्याकडं बघून एक हॉर्न दिला. मोठा. घाटातला.

आणि दिली दाबून.

आमच्यात पद्धत अशी, की चिखल दिसला तर पाय उचलायचा नाही. मी पाय उचलला नाही. गाडी खाली चालली तरी उचलला नाही. वाळू दोन्ही बाजूंनी कारंज्यासारखी उडत होती. मला वाटलं, वेग! तो वेग खालच्या दिशेनं होता. थांबलो तेव्हा दार उघडेना, दारापर्यंत वाळू. बाकी चौघं बसले होते, मी निजलो होतो.

कोह धावत आला. वैतागून त्यानं वाळूतून वर राहिलेल्या चाकाला लाथ घातली. टण्ण! आणि पाय धरून नाचायला लागला. मग एकदम थांबला. गुडघ्यावर बसला. चाक दाबून बघितलं. दुसरं दाबलं. शिऱ्याच्या गाडीपाशी गेला, जोगळेकरच्या गाडीपाशी गेला. परत येऊन शिऱ्याच्या कानाशी लागला.

शिऱ्या हळू आवाजात म्हणाला, “तात्या, चाकांत हवा कुणी भरली?”

बघा, तेव्हासुद्धा मला कळलं नाही! मी खिडकीतून मान काढून ताठ सांगितलं, “मी! पाचही गाड्यांत! तुमचं लक्ष कुठं असतं रे? सगळी चाकं बसली होती!”

शिऱ्यानं कपाळाला हात लावला.

“तात्या,” शिऱ्या म्हणाला, “ती हवा आम्ही सोडली होती. मुद्दाम. सकाळचा धडाच तो होता.”

“हवा सोडायचा धडा?”

“काका, उंटाचा पाय कसा असतो?” जोगळेकर पुढं सरसावला. “पसरट! हवा कमी केली की चाक पसरतं, वाळूवर तरंगतं. कडक चाक रुततं.”

“आमच्या कराडात उंट नाहीत,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग काय, सगळी दुपार खणण्यात गेली. फावडी आली, पत्रे आले, पट्टे आले. चौघांच्या चाकांतली मी भरलेली हवा फुस्स फुस्स सोडली. एकेक फुस्स माझ्या काळजातून जात होतं! आणि त्या चार गाड्या थोड्या खणल्यावर मांजरीसारख्या बाहेर आल्या. राहिली माझी. चारही गाड्या एकापुढं एक बांधून तिला ओढायचं ठरलं. स्टिअरिंग सरळ धरायला आत कोणीतरी पाहिजे होतं. दार उघडत नव्हतं, आणि मला खिडकीतून काढणं म्हणजे आणखी एक धडा झाला असता.

“अंकल, यू सिट,” कोह म्हणाला. “इंजिन, कॅनॉट.”

अशी मला माझी फेरी मिळाली. इंजिन बंद, पुढं चार गाड्या ओढतायत, मी दोन्ही हातांनी चाक सरळ धरून, आणि शिऱ्या शेजारून चालत ओरडतोय, “सरळ धरा, तात्या, सरळ!” त्या बिनड्रायव्हरच्या आगगाडीला दोन वर्षं शिव्या दिल्या होत्या. तिच्यात आणि माझ्यात आता फरक काय राहिला, तुम्हीच सांगा.

पक्क्या जमिनीवर आलो. वाटलं, सुटलो. घरी जायचं, पडायचं. सुनेला काही सांगायचं नाही.

तर कोह समोर उभा. हातात पंपाची नळी.

“नाऊ, अंकल,” तो म्हणाला. हसत होता की नाही ते त्या वाळलेल्या तोंडावर कळेना. “रोड, सॉफ्ट कॅनॉट. नाऊ, कॅन.”

डांबरी रस्त्यावर मऊ चाकं चालत नाहीत, हे मला कोणी सांगायला नको होतं. घेतली नळी. बसलो पहिल्या चाकापाशी. बाकीचे तंबूत थंड पेय पीत होते. शिऱ्या मदतीला उठला तर कोहनं त्याला खाली बसवलं. मी आपला एका चाकावरून दुसऱ्यावर सरकतोय. किन्नर म्हणून लागलो, चाळीस वर्षं ड्रायव्हर म्हणून मिरवलो, आणि सत्तरीत, परमुलखात, पुन्हा किन्नर.

शेवटचं चाक भरून उठलो तेव्हा कंबर सरळ होईना. कोह आला. रांगेनं एकेका चाकाला बुटाचा ठोका देत गेला. टण्ण. टण्ण. टण्ण. जोगळेकरच्या मागच्या डाव्या चाकापाशी थांबला.

भद्द.

त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. आणि काय सांगू तुम्हाला, माझा हात आपोआप डाव्या कानावर गेला.