पायरीवर ठेवलेली गिटार

माझ्या बापाने मला डफाच्या काडीने मारलं. आबा पाटलाच्या ओट्यासमोर, भर दुपारी, सगळ्या गल्लीच्या देखत. आबा वरच्या पायरीवर बसून सुपारी कातरत होते. बापाचा हात हलका पडला की अडकित्ता थांबायचा.

"जोरमा मार. हात कसाले आखडी ऱ्हायना तुन्हा?"

मग बाप जोराने मारायचा. काडी बांबूची, बारीक. डफावर ती वाजते, पाठीवर ती कापते. चौथ्या-पाचव्या फटक्याला सदरा पाठीला चिकटला. मी खाली बसलो असतो, हात जोडले असते, तर थांबलं असतं. मी उभा राहिलो. म्हणून थांबलं नाही.

माझा गुन्हा तीन शब्दांचा. "गिटार मन्ही शे." एवढंच मी म्हणालो होतो.

आबा हसले होते. "तुन्ही? तुन्हं काय शे रे या गावमा? तुन्हा बाप बी गावना शे." आणि बापाकडे वळून, "समजाड तुन्हा आंडोरले."

बापाने समजावलं. पाठीवर समजावलं. मला वीस वर्षं पुरी झाली होती. मिसरूड फुटलेल्या पोराला बापाच्या हातून मारवायचं, म्हणजे एका काडीत दोघे मोडतात. आबांना हे कळत होतं. अशा गोष्टी त्यांना शाळेत न जाता कळायच्या.

गिटार आमच्या मांगवाड्यात आली कशी ते आधी सांगतो. नाहीतर कोणी म्हणेल चोरीची असेल. तेही म्हणून झालंय.

मी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला होतो. उघड्या मैदानात ओली लाल मिरची पसरायची, उलटायची, वाळली की गोण्यांत दाबून भरायची. बोटं अशी पेटायची की जेवताना घास दुसऱ्याने भरवावा वाटायचं. तिथल्या मजुरांची संघटना होती. तिची पत्रकं मी आधी वाटायला लागलो, मग लिहायला. मला जे काही लिहिता येतं ते पत्रकापुरतंच येतं. त्यामुळे इथे गोड काही सापडणार नाही.

पथारीजवळ रेल्वेच्या चाळीत एक फायरमन राहायचा. त्याच्याकडे गिटार होती. साधी, पोकळ पोटाची. तारा जुळवायला त्याने शिकवलं. मिरचीने सोललेली बोटं तारेवर दाबली की डोळ्यांत पाणी यायचं, पण सोडवत नव्हतं. विजेची गिटार असते हे त्यानेच सांगितलं. सुरतेला एक मिस्त्री विलायती गिटारीच्या जुन्या घाटावर सागाच्या लाकडात ती बनवतो आणि गरिबाला परवडेल अशी देतो, हेही. दोन पावसाळे मी सिनेमा पाहिला नाही, चप्पल घेतली नाही. तिसऱ्या वर्षी सुरतेच्या गाडीत बसलो, ती घेऊन आलो आणि गावी घरच्या खुंटीला टांगली. रंग मिरचीचा. पोट पोकळ नाही, भरीव. तारांखाली मिस्त्रीने हाताने गुंडाळलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. वायर लाऊडस्पीकरच्या मशीनला लावली की बोलणार, नाहीतर मुकी.

तिच्यात कातडं नव्हतं. हे मला फार महत्त्वाचं वाटलं होतं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या जे वाजलं ते मेल्या ढोराच्या कातड्यावर वाजलं. ही लाकडाची, लोखंडाची. हिला कोण काय म्हणणार?

आता रीत सांगतो. आमच्या गावात वाजंत्र्याने नवा डफ मढवला की तो आधी पाटलाच्या पायरीवर पालथा ठेवायचा. पाटील पायाचा अंगठा त्याला लावणार. मग डफ वाजवायचा. पाय लागल्याशिवाय डफ वाजला तर गावावर रोग येतो म्हणे. खरं कारण आबाच सांगायचे, लपवायचे नाहीत. "कातडं गावनं, आवाज गावना." ढोर गावाने दिलं म्हणून कातडं गावाचं, कातडं गावाचं म्हणून डफ गावाचा, आणि डफ वाजवणारा हात तर काय, तोही डफाला जोडूनच आलेला.

कायद्याने पाटीलकी गेली, बलुतं गेलं. तसं पत्रक मीच वाटलं होतं, ह्याच गावात. माझ्या बापाने ते घेतलं, घडी घातली आणि डफाच्या कड्याला फट पडली होती तिच्यात कोंबलं. आवाज सुधारला म्हणाला.

असा हा माणूस. मी पथारीवर असताना त्याने माझी गिटार फडक्यात गुंडाळली आणि आबांच्या पायरीवर नेऊन पालथी ठेवली.

कोणी सांगितलं नव्हतं. कोणी मागितली नव्हती. पोराने नवं वाद्य आणलंय, उद्या गावात वाजवेल, कोणी अडवायला नको, म्हणून गेला. मला नंतर म्हणाला, "पाय लागना म्हंजे कोन्ही बोलाव नही." त्याच्या परीने तो माझ्यासाठी रस्ता मोकळा करत होता.

आबांनी पाय लावला. पण आबांचा मुलगा दादा तेव्हा बडोद्याहून कॉलेजची सुटी घेऊन आला होता. त्याने असली गिटार चित्रात पाहिली होती. त्याने ती उचलली. टॉवेलने उचलली, हाताने नाही. अंगणात नेली, हंडाभर पाणी ओतून धुतली, वर गोमूत्र शिंपडलं, आणि माडीवर घेऊन गेला. आबा बापाला म्हणाले, जा. बाप आला.

मी रविवारी गावी आलो, खुंटी रिकामी पाहिली, आणि विचारायला गेलो. त्यानंतर जे झालं ते वर लिहिलं आहे.

घरी मायने पाठीला हळद आणि तेल लावलं. बाप भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिथूनच म्हणाला, "मन्हं काय चुकनं?" उत्तर देता आलं असतं. पण ते दिलं असतं तर मी त्याला मारल्यासारखं झालं असतं. माय म्हणाली, "खाई ले भाऊ." मी जेवलो. दोन भाकरी जेवलो. मार खाल्लेल्या माणसाने जेवू नये असं कुठे आहे?

आठ दिवसांनी आबांच्या मुलीचं लग्न होतं. दादाला वऱ्हाडापुढे गिटार वाजवायची होती. शहाद्याहून लाऊडस्पीकर आणला, बॅटरीवरचा, मशीन आणि दोन भोंगे. दादाने वायर लावली, तारेवर हात मारला आणि भोंग्यातून असा आवाज निघाला की बैलाने दावं तोडलं. वेटोळ्यात धुतल्याचं पाणी शिरलं होतं. तारांना गंज चढला होता. शेवटी दुपारी आमच्याकडे माणूस आला. "आबानी बलायेल शे. वाजाडाले चाल."

माय म्हणाली जाऊ नको. मी गेलो. खरं सांगतो, मला गिटार हातात घ्यायची होती. अपमान गिळायला गेलो असं कोणी म्हणालं तर म्हणो.

मांडवाच्या कडेला, पंगतीची खरकटी पत्रावळ टाकतात तिथे एक गोणपाट अंथरलं होतं. बाप त्याच्या बाजूला डफ घेऊन बसला होता. दादाने लांबूनच गिटार गोणपाटावर टाकली. "बठीसन वाजाड. उठानं नही."

मी वेटोळं उघडून उन्हात धरलं. तारा धोतराच्या सोग्याने पुसल्या. गिटारीचे कान पिळून सूर लावला. वायर मशीनला जोडली. आणि सुरू केलं.

ती बोलली. घरघर होती आवाजात, तरी बोलली. सगळा मांडव वळला. एक म्हातारा पाहुणा वाकून गिटारीच्या मागे बघायला लागला, "इन्हा पोटमा रेडू शे का रे?" लोक हसले. दुसरा म्हणाला, "आबा, तुमना वाजंत्री तं लाकूडले बी बोलतं करस." आबा खूश. मुंडासं सारखं करत होते.

बसून मांडीवर ती नीट धरता येत नव्हती. पट्टा गळ्यात घालायची गिटार ती. उभ्या माणसासाठी केलेली. मी पट्टा अडकवला आणि उभा राहिलो.

बाप हळूच म्हणाला, "बठ. बठ रे भाऊ." डफ त्याने थांबवला नाही. मी वाजवत राहिलो. माझी पाठ सरळ होती आणि तिच्यावरच्या खपल्या ताणल्या जात होत्या. माझ्या आयुष्यात त्या गावात त्या मांडवाएवढ्या माणसांपुढे मी पहिल्यांदाच सरळ उभा होतो. किती वेळ? एक गाणं होईल इतका.

दादा आला. त्याने मशीनमधून वायर उपटली. भोंगे गप्प झाले. पाहुण्यांकडे वळून तो पुस्तकी मराठीत म्हणाला, "ही आमच्या गावाची गिटार आहे. हा नुसता वाजवतो." मग बुटासकट पाय उचलून माझ्या पोटावर, तारांवर टेकवला आणि ढकललं. "बठ खाले."

मी गिटार गळ्यातून काढली. मानेपाशी दोन्ही हातांनी धरली. आणि त्याच्या खांद्यावर घातली.

सागाचं भरीव लाकूड. हाड मोडलं त्याचा आवाज मी ऐकला. तो खाली बसला, जिथे मला बसायला सांगत होता तिथेच, खरकट्यात. त्याचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. मी दुसऱ्यांदा उचलली. दुसऱ्यांदा घातली. ह्या वेळी गिटारीची मान तडकली.

रागाच्या भरात झालं, भान नव्हतं, असं मी लिहिणार नाही. मला भान होतं. मी डोकं सोडून खांद्याचा नेम धरला.

मग मांडव माझ्यावर आला. मांडवाचे दांडे, जोडे, कोणाच्या हातात लाकडी पाट. एकाने माझा डावा हात जमिनीवर दाबून टाचेने चिरडला. नाल मारलेला जोडा. तारा दाबायची ती बोटं. दोन आजही सरळ होत नाहीत. तोंडात रक्त आणि माती. मग एकदम वजन पडलं अंगावर आणि मार लांब गेला. बाप होता. माझ्यावर पालथा पडला होता. त्याच्या पाठीवर दांडे पडत होते, आणि प्रत्येक दांड्याला त्याच्या छातीतून हुंकार निघून माझ्या कानात शिरत होता. त्याच्या तीन बरगड्या गेल्या.

पोलीस आले ते मला न्यायला. आम्हा बापलेकांना मारणाऱ्यांपैकी एकाचंही नाव लिहिलं गेलं नाही. जमादाराने पंचनामा केला. "हत्यार?" गिटार. "कोणाच्या मालकीचं?" त्याला आरोपीचंच हत्यार हवं होतं, नाहीतर गुन्हा कच्चा राहिला असता. मी सुजलेल्या तोंडाने म्हणालो, "माझ्या." त्याने लिहिलं. आरोपीच्या मालकीची गिटार, लाल रंगाची, मान तडकलेली. आबांच्या दोन पंचांनी खाली सह्या केल्या. घाईत होते. वाचलं नाही.

सरकारी कागदावर आमच्या घरातली एखादी वस्तू आमची म्हणून लिहिली गेली, ती अशी.

पथारीवरच्या मजुरांनी जामीन उभा केला. तोवर गावात मांगवाड्याचं पाणी बंद झालं होतं, शेतातली कामं बंद झाली होती. आमची माणसं नदीत झिरे खणून पाणी भरत होती. काही जण माझ्यावर चिडले होते. ते लिहिलं पाहिजे, कारण पत्रकात आपण नेहमी लिहितो की वस्ती एकजूट होती. वस्ती तहानलेली होती.

आता मागच्या आठवड्याची गोष्ट. माझे वकील शहाद्याचे. भला माणूस, फी मागत नाही. त्यांनी मला आणि बापाला बोलावून घेतलं. आबांचा निरोप होता. तक्रार मागे घेतो, पाणी मोकळं करतो, कामं देतो. बदल्यात मी कोर्टात एवढंच सांगायचं, की वाद्य पाटलांच्या घरचं, मी नुसता वाजवत होतो, आणि ते माझ्या हातून निसटलं.

वकील म्हणाले, "सुटशील. तीन-चार वर्षं वाचतील. विचार कर."

बाहेर एसटी स्टँडवर बाप बाकावर बसला. बरगडी धरून, एका अंगावर. गाडी यायला वेळ होता.

"सांगी टाक ना भाऊ," तो म्हणाला. "नुसता शबुद शे."

"नुसता शबुद शे तं आबाले कसाले पायजे?"

गाडी आली, लोक चढले, बाप उठला नाही. मग म्हणाला, "तू जेलना मझार गया तं घर मी चालाडसू. डफ सोडीसन दुसरं काय बी करसू." आणि पुढच्या गाडीने आम्ही आलो.

आबांचा निरोप नाकारून मी कशाला हो म्हणतो आहे ते मला माहीत आहे. दादाचा खांदा मोडला, तो मीच मोडला, त्याची शिक्षा कायद्यात आहे. ती मी भोगेन. ज्यांनी माझी बोटं चिरडली त्यांची नावं मी कोर्टात घेणार आहे, एकेकाचं, त्याच्या बापाच्या नावासकट, गावासकट. कोणी लिहून घेवो न घेवो. आणि ज्यांना वाटतं की पाणी सुटण्यासाठी मी एवढं खोटं बोलायला हवं होतं, त्यांना माझं म्हणणं आहे की त्या एका वाक्याच्या बदल्यात मिळालेलं पाणी आबा पुढच्या वर्षी पुन्हा बंद करतील, आणि तेव्हा आणखी एक वाक्य मागतील.

तारीख सोमवारची आहे. वकिलांना मी कळवलं आहे की त्यांनी दुसरं काही बोलू नये. माझ्याकडे दोन वाक्यं आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. गिटार माझी आहे. मारलं मी.